कॉम्प्युटर मांडी घालून बसतो तेव्हा

रात्रीची जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, रेडिओ जवळ ओढा.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एका ताईंनी निरोप ठेवला होता. त्यांची मुलगी आकुर्डीकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथली दहा-बारा मुलंमुली मिळून लॅपटॉपवर संगीत वाजवणारा एक संच उभा करू बघतायत, आणि मुलीला त्यात जायचंय. घरात मात्र एकच बोलणं, ‘इंजिनिअर व्हायला पाठवली आणि निघाली डीजे व्हायला.’ ताई म्हणाल्या, ‘मला यातलं काही कळत नाही. पोरगी खोटं बोलत नाही, एवढं कळतं. तुम्ही जरा माहिती काढून सांगा, हे असतं तरी काय?’

माहिती काढली, ताई. आमच्यातल्या दोघींच्या मुलांना कामाला लावलं, फोनवर बरंच ऐकलं, बरंच वाचून घेतलं. आणि खरं सांगायचं तर तुमच्या एका प्रश्नापायी आम्हालाच नाद लागला. म्हणून आजचा सगळा वेळ यालाच देतोय.

आधी घरच्यांच्या बोलण्याकडे बघू, कारण ते काही उगीच बोललेले नाहीत. आपल्या या चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात कॉम्प्युटरवरचं संगीत म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत. लग्नाची वरात असो, गणपती असो, नाहीतर कुणाचा वाढदिवस, ती भिंत आळीत शिरली की खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजायला लागतात, बाळंतिणीच्या खोलीतलं पोर दचकून उठतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, असा देशाचा नियम २००० सालापासून आहे. आता ५५ डेसिबल म्हणजे दोघी-तिघी साध्या आवाजात बोलत बसल्या तर होणारा आवाज. भिंतीपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे सांगूही नका, त्याला ते ऐकूच जायचं नाही.

दिवसभर प्रेसशॉपमध्ये नाहीतर असेंब्लीच्या लाइनवर उभं राहून आलेल्या बाईला पुन्हा तसलाच दणका घरी ऐकावा लागतो. तेव्हा कॉम्प्युटर, स्पीकर आणि संगीत हे तीन शब्द एकत्र आले की घरातली माणसं हात जोडतात, यात त्यांचं काय चुकलं?

पण ताई, तुमची मुलगी ज्याबद्दल बोलते ते दुसरं आहे. कसं दुसरं, हे समजायला आपल्याला जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल. तिथं प्रिन्स्टन नावाचं एक जुनं विद्यापीठ आहे. २००५ साली तिथल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद काढला. त्याला म्हणतात लॅपटॉप ऑर्केस्ट्रा. एक प्राध्यापक डॅन ट्रूमन, हे संगीत रचणारे. दुसरे पेरी कुक, हे कॉम्प्युटरचे. पंधरा विद्यार्थी, पंधरा लॅपटॉप. काही संगीत शिकणारे, काही कॉम्प्युटर शिकणारे, काही तिसरंच काही शिकणारे. आणि ही मुलं वाजवायला बसली कशी? खुर्च्या-टेबलं नाहीत. जमिनीवर उशा टाकल्या, त्यावर मांडी घातली, पुढ्यात लॅपटॉप. फोटो बघितला तेव्हा आमच्यातली एकजण पटकन म्हणाली, ‘अगं, हे तर भजनाला बसलेत!’

बसण्यावर आम्ही थांबलो नाही. प्रत्येकाच्या शेजारी जमिनीवर एक गोल घुमटासारखी वस्तू ठेवलेली दिसली. पालथ्या घातलेल्या वाडग्यासारखी. तो त्याचा स्पीकर. प्रत्येकाचा स्वतःचा, आणि प्रत्येकाच्या शेजारी. सगळी गोम या वाडग्यात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नेहमी काय होतं? स्टेजवर दहाजण वाजवत असोत, त्यांचे सगळ्यांचे आवाज वायरीतून एका माणसाकडे जातात. तो ते एकात मिसळतो आणि स्टेजच्या दोन बाजूंच्या दोन खांबांतून बाहेर सोडतो. वाजवणारी मधे बसलेली, तिचा आवाज दहा हात लांबच्या खांबातून येतोय. कोण काय वाजवतंय हे कानाला सांगता येत नाही. खुद्द वाजवणारीलाही शेजारणीचा आवाज शेजारणीकडून येत नाही. मग जो तो म्हणतो, माझा आवाज वाढव. डॉल्बीची भिंत म्हणजे याच वाटेचं शेवटचं टोक.

आता आपलं एकादशीचं भजन आठवा. वीस जणींच्या हातात टाळ. डोळे मिटले तरी कळतं, उजवीकडच्या कोपऱ्यात मावशींचा टाळ जरा जड पडतोय, दाराशी बसलेली नवी सून अजून बिचकतीये. आवाज जिचा, तिच्याच जागेवरून येतो. म्हणून एकमेकींना सांभाळून घेता येतं. पखवाजवाला दुगुण घेणार हे त्याच्याकडे न बघता समजतं.

हे ट्रूमन स्वतः फिडल वाजवणारे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण ते वाजवतात ती नॉर्वे देशातली जात, तिच्या मुख्य तारांखाली आणखी तारा असतात, आपल्या सारंगीला तरफा असतात तशा. त्यांच्या लक्षात आलं, की लाकडी वाद्याचा आवाज एका तोंडातून बाहेर पडत नाही. त्याचं पोट, पाठ, कडा सगळं बोलतं, आणि चहूकडे बोलतं. त्यांनी आणि कुक यांनी ऑर्केस्ट्रा काढण्याच्या आधीच, १९९०च्या दशकाच्या शेवटी, वाद्यांच्या सगळ्या बाजूंनी मायक्रोफोन लावून कोणत्या दिशेला कसा आवाज जातो ते मोजलं होतं. आणि मग विचार केला, कॉम्प्युटरला असं पोट का देऊ नये? म्हणून तो घुमट. त्यावर सहा छोटे स्पीकर, एक वर आणि पाच भोवतीनं. आवाज सगळीकडे पसरतो, पण निघतो वाजवणाऱ्याच्या मांडीपाशी.

म्हणजे तुमच्या घरच्यांना ज्याचा त्रास आहे, बरोबर तेच या मंडळींनी मोडून काढलं. भिंत पाडली आणि तिच्या विटा एकेकाला वाटून दिल्या.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. प्रिन्स्टनला शिकलेले गे वांग नावाचे एकजण पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी तिथं २००८ साली असाच वाद्यवृंद काढला. वीसेक जणांचा. आता इतके घुमट आणायचे कुठून? बाजारात तयार मिळत नाहीत. तर त्यांनी आयकिया नावाच्या फर्निचरच्या दुकानातून सॅलड कालवायचे लाकडी वाडगे आणले. आपल्या काठवटीचा धाकटा भाऊ म्हणा. त्याला सहा भोकं पाडली, मोटारीत बसवतात ते छोटे स्पीकर त्यात बसवले, आत आवाज वाढवणारं सर्किट, खाली बूड बंद. झालं वाद्य. विद्यार्थ्यांनी हातानं केलं हे, भोकं पाडण्यापासून डाग देण्यापर्यंत.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे खराबवाडी, निघोजे, कुरुळीकडची शेडं आली. मोटारीचे सुटे भाग आपल्याकडच्या किती बायकांच्या हातांखालून जातात. वायरी बांधणाऱ्या, जोड तपासणाऱ्या, सोल्डरिंग करणाऱ्या मुली गावागावात आहेत. एका शिफ्टमध्ये शेकडो जोड तपासणाऱ्या बाईला सहा स्पीकरचा वाडगा जड नाही. आयटीआय झालेली मुलगी आणि इंजिनिअरिंगची मुलगी शेजारी बसल्या तर हे काम दोघींना मिळून करता येण्यासारखं आहे.

आता ते वाजवतात कसं? लॅपटॉपला ना तार, ना पडदा. बटणं तेवढी. तर कधी खरंच बटणंच वाजवतात, टाइप करतात आणि प्रत्येक अक्षराचा वेगळा आवाज ठरवलेला असतो. कधी लॅपटॉप हलवतात, तिरका करतात. लॅपटॉप पडला तर कळावं म्हणून त्या काळी आत एक हालचाल ओळखणारा भाग असायचा, त्याचाच उपयोग. स्टॅनफर्डच्या मुलांनी तर गोल्फच्या व्हिडिओ गेमचं एक खेळणं घेतलं. त्यातून दोन दोऱ्या निघतात. दोरी किती ओढली, कुठल्या बाजूला नेली, हे कॉम्प्युटरला कळतं. दोन हातांत दोन दोऱ्या धरून मुली उभ्या आहेत, हात वर जातात, पसरतात, आणि आवाज चढतो, उतरतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल विहिरीतून पाणी शेंदतायत.

ही सगळी जोडणी आपोआप होत नाही. दोरी इतकी ओढली तर आवाज असा, हे कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. त्यासाठी गे वांग आणि पेरी कुक यांनी चक नावाची एक भाषा तयार केली. तिच्यात वेळ फार नेमका सांगता येतो, या क्षणी हा सूर, इतक्या वेळानं तो. ती फुकट मिळते. तेव्हा ताई, मुलगी तुम्हाला म्हणाली असेल की हा अभ्यासच आहे, तर ती बरोबर बोलली. प्रिन्स्टनमध्ये हा रीतसर वर्ग आहे. मुलं त्यात लिहायला शिकतात, रचायला शिकतात आणि मग बसून वाजवतात.

ताल कोण धरतं, हाही प्रश्न आम्हाला पडला. काही वेळा सगळे लॅपटॉप एकमेकांना जोडलेले असतात आणि एक मुख्य कॉम्प्युटर सगळ्यांना ठोका पाठवतो. काही वेळा समोर माणूस उभा राहून हातानं खुणा करतो. देहू-आळंदीच्या मधे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिंडीत शेकडो टाळकरी, आणि चोपदारानं चोप उंच धरला की सगळं शांत. माणसाच्या खुणेवर चालणारा वृंद आम्हाला जास्त पटला. मशीनचा ठोका चुकत नाही हे खरं, पण चुकलेल्याला सावरूनही घेत नाही.

रिबेका फीब्रिंक या बाईंचं काम मुद्दाम सांगतो. त्या प्रिन्स्टनला शिकत असताना या वाद्यवृंदात होत्या, आता लंडनला प्राध्यापक आहेत. त्यांनी २००९च्या सुमारास वेकिनेटर नावाचं सॉफ्टवेअर केलं, तेही फुकट मिळतं. त्याची गंमत अशी, की कॉम्प्युटरला लिहून सांगायचं नाही, करून दाखवायचं. हात वर असला की हा आवाज, असं दोन-चारदा दाखवा. हात खाली असला की तो आवाज, असं दाखवा. मधल्या सगळ्या जागा ते स्वतः शिकतं. आपण पोरीला भाकरी थापायला कशी शिकवतो? मापं लिहून देतो का? बघ, असा हात फिरव, म्हणतो. तसंच. आम्हाला लगेच सूप आठवलं. पाखडताना सुपाची जी लय असते, पुढे झटका, मागे झेल, मधेच कडेवर टिचकी, ती हालचाल कॉम्प्युटरला शिकवली तर सूपच वाद्य होईल. पाखडता येणाऱ्या बायका आपल्याकडे, कॉम्प्युटर येणाऱ्या मुली आपल्याकडे. आता सूप आणि लॅपटॉप एका खोलीत यायचे तेवढे राहिलेत.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं कौतुक. आपल्या गाण्याशी याचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि जुना आहे.

प्रिन्स्टनचा वाद्यवृंद सुरू झाला त्या वर्षी उस्ताद झाकीर हुसेन त्या विद्यापीठात शिकवायला होते. २००६ साली ते या लॅपटॉपवाल्या मुलांबरोबर तबला घेऊन बसले. ज्यांच्या बोटांना सगळं जग मानत होतं, त्यांनी या पोरांच्या डब्यांना कमी लेखलं नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

त्याच्याही खूप आधी, १९६९ साली, आपल्या शेजारी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं तिथं मोग कंपनीचा सिंथेसायझर आणून जोडून दिला. पुष्कळजण त्याला मूग म्हणतात, पण डाळीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ते यंत्र म्हणजे एक मोठं कपाट, नुसत्या वायरी आणि चाव्या. त्यावर काम करणाऱ्यांत तिथले तरुण होते, आणि एक बाई होत्या, गीता साराभाई. या गीताबेन कोण? पखवाज वाजवणाऱ्या. बाईनं पखवाजाला हात लावणं लोकांना खपायचं नाही त्या काळात शिकलेल्या. त्याच बाईंनी नव्या यंत्रालाही हात लावला. पखवाज आला म्हणून यंत्र नको आणि यंत्र आलं म्हणून पखवाज नको, असं त्यांना वाटलं नाही.

आणि आता अगदी आपल्या उंबऱ्याची गोष्ट.

बर्नार बेल हे फ्रान्सचे कॉम्प्युटरवाले. १९८०च्या दशकात ते आणि जिम किपन नावाचे एक अभ्यासक लखनऊच्या तबल्याच्या मागे लागले. उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे किपन शिकत होते. बेल यांनी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कायद्याचे पलटे कसे बनतात याचे नियम त्यात घातले. मग कॉम्प्युटर नवा पलटा रचायचा आणि जाणकार तबलजी सांगायचे, हा बरोबर, हा नाही चालणार. जिथं नाही म्हटलं तिथं नियम दुरुस्त करायचे. परीक्षक माणूस, विद्यार्थी मशीन. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे आजच्या साध्या फोनपुढेही काहीच नाही, पण कामाची रीत बघा.

हेच बर्नार बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या कामात आले. ही दोघं मावळ-मुळशीच्या डोंगरात गरीब माणसांबरोबर काम करत होती, आणि ते करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला लागली. एकट्यादुकट्यानं नाही, गावातल्याच कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन. महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. बेल यांनी १९९०च्या दशकात गावोगाव जाऊन त्यातल्या कितीतरी बायकांचा आवाज रेकॉर्ड केला आणि सगळ्या ओव्यांची कॉम्प्युटरवर नोंद लावली. प्वातवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पण काम राहिलं. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या वेबसाइटवर या ओव्या येतायत. फोनवर ऐकता येतात.

आम्ही ऐकल्या. मागे जात्याची घरघर, मधेच बांगड्या, आणि वर आवाज. जवळच्या डोंगरातल्या बायकांचा आवाज, आपल्याच बोलीत. आमच्यातल्या एका मावशींनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या आईचं माहेर तिकडचं.

या नोंदीत एक गोष्ट आहे ती नीट ऐका. ओवी कुणी सांगितली, तिचं नाव, तिचं गाव लिहिलेलं आहे. कित्येकींचे फोटो आहेत. आपल्या गाण्यांचं एरवी काय होतं ते आपण बघतोच. कुणाच्या तरी आजीची चाल डॉल्बीवर चढते, खाली धडधड घातली जाते, लाखो लोक नाचतात, आणि आजीचं नाव कुठंच नसतं. तिला सांगितलेलंही नसतं. म्हणून ज्या मुलामुलींना कॉम्प्युटरवर संगीत करायचंय, त्यांना आमचं पहिलं मागणं हे आहे: आवाज घ्या, पण विचारून घ्या, आणि जिचा घेतला तिचं नाव कार्यक्रमात मोठ्यानं सांगा. टाळ्या त्यानंतर.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. आमचं मत विचाराल तर मुलीला जाऊ द्या. पण नुसतं जाऊ देऊन भागायचं नाही, थोडी चौकशीही करा. त्या संचात मुली नेमकं काय करतात ते विचारा. पुष्कळ ठिकाणी असं होतं, की मुली गायला आणि निवेदनाला, आणि वायरी, प्रोग्रॅम, मिक्सर सगळं मुलांच्या हातात. तुमची मुलगी कॉम्प्युटर शिकते, तर लिहिणं तिच्याकडे यायला हवं. तालीम किती वाजता संपते आणि घरी कशी येणार, हेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही. तालीम चारला सुरू झाली तर सहाला संपते, सातला सुरू झाली तर मुली आपोआप गळतात, मग म्हणायचं मुलींना आवडच नाही. आणि एकदा तालीम बघायला स्वतः जा. नवऱ्यालाही न्या. जमिनीवर बसलेली पोरं, पुढ्यात लॅपटॉप, मधे शांतता, एकमेकांकडे कान देऊन बसलेली. त्यांना ‘डीजे’ शब्द परत सुचतो का बघू.

खर्चाचं म्हणाल तर लॅपटॉप तिच्याकडे अभ्यासाला आहेच, सॉफ्टवेअर फुकट, वाडगा आणि स्पीकर सगळ्यांनी मिळून करायचे. अमेरिकेतच व्हर्जिनिया टेक नावाच्या विद्यापीठानं २००९ साली मुद्दाम स्वस्तातले लॅपटॉप आणि फुकटची लिनक्स प्रणाली घेऊन असा वृंद उभा केला, कारण महागड्या यंत्रांनी गरीब कॉलेजं बाहेरच राहिली असती.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. ते संगीत तुम्हाला आवडेलच असं नाही. आम्ही ऐकलं त्यातलं निम्मं आम्हालाही कळलं नाही. एका तुकड्याला तर ‘कुकरची शिट्टी अडकलीये’ असं नाव पडलं आमच्यात. काही तुकडे मात्र असे होते, की पहाटे इंद्रायणीवर धुकं असतं आणि लांबून कुठूनतरी काहीतरी ऐकू येतं, तसं. लग्नात नाचायला ते उपयोगाचं नाही. गप्प बसून ऐकायचं काम आहे. आपल्याकडे गप्प बसून ऐकायला वेळ कुणाला असतो, हा वेगळाच विषय, त्यावर एकदा बोलू.

शेवटी गटांसाठी एक काम. २००७ साली स्टॅनफर्डला मोबाइल फोनचाही असाच वृंद निघाला. हातमोज्यांना छोटे स्पीकर लावून मुलं हात हलवत वाजवायची. आपल्याला मोजेही नकोत. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, की दहाजणींनी आपापले फोन काढा. आदल्या आठवड्यात प्रत्येकीनं घरातला एक आवाज रेकॉर्ड करून आणायचा. सूप, खलबत्ता, रवी, विळी, शिवणयंत्र, कुणाकडे अजून जातं असेल तर जातं. एक मिनिट पुरे. रेकॉर्ड करताना पंखा आणि टीव्ही बंद ठेवा, फोन आवाजापासून हातभर लांब धरा, जवळ धरलात तर फाटतो. मग बैठकीत गोल बसायचं, फोन आपल्या मांडीपुढे ठेवायचा, मोठ्या स्पीकरला जोडायचा नाही. मधे एकजण उभी राहील. तिनं बोट दाखवलं तिनं सुरू करायचं, तळहात दाखवला तिनं थांबायचं. आधी एक, मग दोन, मग चार. दहाही एकदम लावायची घाई करू नका.

आम्ही करून बघितलं. पहिल्यांदा नुसतं हसू आलं. तिसऱ्या खेपेला खलबत्ता आणि शिवणयंत्र एका लयीत आले आणि सगळ्या गप्प झाल्या.

तुमच्या गटाचं रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या नंबरवर पाठवा. प्रत्येक आवाजाबरोबर नाव आणि गाव सांगायला विसरू नका. आणि जातं रेकॉर्ड करणार असाल तर रिकामं फिरवू नका, दगड दगडाला खातो. मूठभर हरभरे वैरा, तांदळाचा आवाज बारीक येतो, हरभऱ्याचा भरदार येतो.